फर्गल शार्की: माइक ठेवल्यानंतरची वीस वर्षं

ब्रिटनच्या नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्या कंपन्यांना जाब विचारणारा फर्गल शार्की गेली काही वर्षं तिथल्या बातम्यांत सतत दिसतो. हाच माणूस 1978 मध्ये ‘टीनेज किक्स’ हे गाणं गाऊन गाजला होता, हे जुन्या रसिकांना ठाऊक असतं. तरुण गायक आणि उतारवयातला नदीरक्षक, अशी त्याची दोन रूपं लोकांना माहीत आहेत. मधली वीस वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्या काळात त्याने रेकॉर्ड कंपनीत नोकरी केली, रेडिओच्या नियामक मंडळावर काम केलं, सरकारी समितीचं अध्यक्षपद सांभाळलं आणि शेवटी ब्रिटिश संगीत व्यवसायाच्या शिखर संस्थेचं प्रमुखपद भूषवलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सर्वात मोलाचं काम याच वर्षांत झालं. एखादं गाणं लोकांपुढे गायलं जाणार की नाही आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशात जाणार, हे ठरतं ते कायद्याच्या कलमांत आणि परवान्याच्या अर्जांत. तिथे जाऊन बसायला फार कमी गायक तयार होतात. शार्की बसला, म्हणून त्या वर्षांची ही गोष्ट.

शार्कीचा जन्म 1958 चा, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला. लहानपणी तो पारंपरिक आयरिश गाण्यांच्या स्पर्धांत गायचा आणि बक्षिसं मिळवायचा. त्याच्या आवाजातली ओळखीची थरथर तिथूनच आली असावी. डेरी म्हणजे ऐन संघर्षाचं ठिकाण. 1972 मध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, तो ‘ब्लडी संडे’ इथलाच. रस्त्यावर लष्कर, जागोजागी तपासणी नाके, त्यामुळे बाहेरचे नावाजलेले बँड या गावाकडे फिरकत नसत. गावातल्या पोरांना संगीत हवं असेल तर ते स्वतःच वाजवावं लागे. जॉन आणि डेमियन हे ओनील बंधू, मायकेल ब्रॅडली, बिली डोहर्टी आणि शार्की अशा पाच जणांचा ‘द अंडरटोन्स’ हा बँड उभा राहिला. शार्की या बँडमध्ये गात होता.

वाजवायला त्यांना जागा मिळाली ती ‘कॅसबा’ नावाच्या एका साध्या पबमध्ये. जागा लहान, श्रोते ओळखीपाळखीचे. पण तिथे दर आठवड्याला उभं राहून वाजवता यायचं, चुका करायला वाव होता आणि नवं गाणं लोकांना भिडतं की नाही ते त्याच रात्री कळायचं. कॅसबा नसतं तर अंडरटोन्स घडला नसता. पुढे शार्की छोट्या जागांसाठी सरकारशी भांडला, तेव्हा तो ज्या जागांची बाजू मांडत होता त्यांत तो स्वतः वाढला होता.

1978 च्या जूनमध्ये बेलफास्टच्या एका स्टुडिओत या पाच जणांनी चार गाण्यांची तबकडी केली. खर्च आला सुमारे 200 पौंड. ती काढली बेलफास्टच्याच टेरी हूली यांच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या छोट्या कंपनीने. सप्टेंबरमध्ये बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांनी ‘टीनेज किक्स’ लावलं आणि संपताच लगेच पुन्हा लावलं. एकच गाणं पाठोपाठ दोनदा लावणं रेडिओवर सहसा घडत नसे. पील यांचं या गाण्यावरचं प्रेम एवढं, की त्यातली एक ओळ आज त्यांच्या थडग्यावर कोरलेली आहे. लवकरच अमेरिकेच्या ‘सायर’ कंपनीने बँडशी करार केला. गाणं ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत 31 व्या क्रमांकापर्यंतच गेलं, पण ते आजही वाजतं.

1983 मध्ये बँड फुटला. त्याच वर्षी संगीतकार व्हिन्स क्लार्क यांच्या ‘द असेंब्ली’ या गटासाठी शार्कीने गायलेलं ‘नेव्हर नेव्हर’ चौथ्या क्रमांकावर पोचलं. नोव्हेंबर 1985 मध्ये ‘अ गुड हार्ट’ने थेट पहिला क्रमांक गाठला. 1991 मध्ये त्याचा शेवटचा एकल अल्बम आला आणि मग तो रंगमंचावरून उतरला. 1999 मध्ये अंडरटोन्स पुन्हा एकत्र आले ते दुसरा गायक घेऊन. शार्की त्यात गेला नाही.

इथे एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘टीनेज किक्स’ लिहिलं जॉन ओनील यांनी, ‘नेव्हर नेव्हर’ व्हिन्स क्लार्क यांनी आणि ‘अ गुड हार्ट’ अमेरिकन गायिका मारिया मकी यांनी. ज्या गाण्यांमुळे जग शार्कीला ओळखतं, त्यातलं एकही त्याने लिहिलेलं नाही. संगीत व्यवसायात हा फरक फार मोठा आहे. गाणं म्हणजे शब्द आणि चाल, हा एक हक्क. त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण हा दुसरा. रेडिओवर गाणं लागलं की ब्रिटनमध्ये दोन संस्थांकडे पैसे जातात. लेखक, संगीतकार आणि प्रकाशक यांचा वाटा ‘पीआरएस’कडे, तर रेकॉर्ड कंपनी आणि गायक-वादक यांचा वाटा ‘पीपीएल’कडे. आपल्याकडेही गाण्याच्या हक्कासाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी पीपीएल अशीच विभागणी आहे. यातला गायकाचा वाटा तिथेही सहज मिळालेला नाही. मुद्रित गाणं वाजवल्याबद्दल न्याय्य मोबदला मागण्याचा हक्क ब्रिटिश गायक-वादकांना कायद्याने मिळाला तो 1996 च्या अखेरीस, तोही युरोपीय नियमांमुळे. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकाला रॉयल्टी हवी म्हणून रेकॉर्ड कंपन्यांपुढे ठाम भूमिका घेतली होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या मुद्द्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

रंगमंच सोडल्यावर शार्की आधी पॉलिडॉर कंपनीच्या ‘ए अँड आर’ विभागात गेला. नवे कलाकार हेरायचे, त्यांना करारबद्ध करायचं, त्यांच्यासाठी गाणी आणि निर्माते शोधायचे, असं हे काम. कालपर्यंत टेबलाच्या ज्या बाजूला बसून करारावर सही केली, त्याच्या समोरच्या बाजूला आता बसायचं. अनेक गायकांनी ही वाट धरली आहे. ‘जेंटल जायंट’ या बँडचा गायक डेरेक शुलमन तर पॉलिग्रॅम या रेकॉर्ड कंपनीत गेला आणि त्याने पुढे जगभर गाजलेल्या बॉन जोव्ही या बँडला करारबद्ध केलं. कंपनीच्या नोकरीत शार्कीच्या हातून तसा इतिहास घडला नाही. त्याची वाट नंतर वेगळ्या दिशेने वळली. 1998 मध्ये त्याची नेमणूक ‘रेडिओ ऑथॉरिटी’वर झाली. खासगी रेडिओ केंद्रांना परवाने देणारी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी ही संस्था. 2003 मध्ये तिचं काम ‘ऑफकॉम’ या नव्या नियामक संस्थेकडे गेलं, तोवर तो तिथे होता. सरकारी अधिसूचना कशी वाचायची, कुणाकडे कोणता अधिकार असतो आणि निर्णय नेमका कोणत्या टप्प्यावर बदलता येतो, याचं शिक्षण त्याला इथे मिळालं असणार.

मग आला 2003 चा परवाना कायदा. हा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता, म्हणजे शार्कीच्या डेरीला लागूही नव्हता. पण त्याच्या आयुष्यातली सर्वात लांब लढाई यावरूनच झाली.

आधीची पद्धत अशी होती. पबमध्ये दारूचा परवाना असेल आणि एक किंवा दोनच कलाकार गात-वाजवत असतील, तर करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. वादकांच्या भाषेत हा ‘टू इन अ बार’ नियम. तिसरा वादक आला की स्थानिक कौन्सिलकडे जायचं, आणि त्याची फी प्रत्येक कौन्सिलची वेगळी. नियम विचित्र होताच. ढणाणा आवाज करणारे दोघे चालतात, पण हळुवार वाजवणारे तिघे चालत नाहीत. तरी हजारो पबमध्ये गिटार घेऊन एखादा गायक विनासायास उभा राहू शकत होता, तो याच नियमामुळे.

नव्या कायद्याने दारू आणि करमणूक दोन्ही एकाच परवान्यात आणलं आणि ही सूट काढून टाकली. सरकारचं म्हणणं सरळ होतं: आता एकच अर्ज आहे, त्यात ‘लाइव्ह संगीत’ या रकान्यात खूण केली की झालं. प्रत्यक्षात ते तसं झालं नाही. खूण केली की पोलीस, अग्निशमन, कौन्सिलचा आवाज-नियंत्रण विभाग आणि शेजारी यांच्या हरकती येऊ शकत, आणि त्यांतून ध्वनिरोधक खिडक्यांपासून पहारेकऱ्यांपर्यंत अटी लागू शकत. महिन्यातून एकदा कुणीतरी गायला येणाऱ्या पबचा मालक हा ताप कशाला घेईल? त्याने तो रकाना कोराच सोडला. नंतर विचार बदलला तर नवा अर्ज, नवी फी आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात.

वादकांना सर्वात झोंबली ती तुलना. भल्यामोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना दाखवायला करमणुकीचा परवाना लागत नव्हता, कारण टीव्हीचं थेट प्रक्षेपण कायद्यातून वगळलं होतं. बिअर पीत ओरडणारे दोनशे लोक चालत होते, पण कोपऱ्यात बसून व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईला परवाना हवा होता. मॉरिस नृत्य या जुन्या इंग्रजी लोकनृत्याला मात्र त्याच्या बिनमाइकच्या साथीसह खास सूट होती. आपल्याकडे गणेशोत्सवात किंवा कॉलेजात कार्यक्रम करणाऱ्यांना पोलिसांची परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि रात्री दहाची वेळ यांची सवय आहे. त्यांना या चित्रातला प्रत्येक तपशील ओळखीचा वाटेल.

कायद्याचा संगीतावर काय परिणाम होतो ते पाहायला सरकारने 2004 मध्ये ‘लाइव्ह म्युझिक फोरम’ नेमला आणि अध्यक्ष केलं शार्कीला. सरकारची अपेक्षा होती की या कायद्यामुळे लाइव्ह संगीत वाढेल. कायदा 24 नोव्हेंबर 2005 पासून लागू झाला आणि फोरमचा अहवाल 2007 च्या जुलैमध्ये आला. त्याचा निष्कर्ष संयत होता. एकूण परिणाम ना धड चांगला ना धड वाईट, सांगितलेली वाढ झालेली नाही, लहान जागांवर ओझं पडलेलं आहे, त्यामुळे त्यांना सूट द्यावी. सरकारनेच नेमलेल्या माणसाने सरकारला हे लेखी सांगितलं. असा अहवाल कपाटात ठेवून देणं सोपं असतं आणि सुरुवातीला घडलंही साधारण तेच. शार्कीने मात्र तो विषय सोडला नाही.

2008 च्या सुरुवातीला तो ‘ब्रिटिश म्युझिक राइट्स’चा प्रमुख झाला. ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची. स्वतःच्या एकाही गाजलेल्या गाण्याचा लेखक नसलेल्या गायकावर लेखकांनी आपली बाजू मांडायची जबाबदारी सोपवली, ही मला त्या व्यवसायाची मोठी समजूतदार निवड वाटते. त्याच वर्षी त्या संस्थेच्या जागी ‘यूके म्युझिक’ उभी राहिली आणि शार्की तिचा पहिला मुख्य कार्यकारी झाला. यात पीआरएस आणि पीपीएल आले, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांची ‘बीपीआय’ आली, छोट्या स्वतंत्र कंपन्यांची संघटना आली, प्रकाशक, मॅनेजर, निर्माते, लेखक आले आणि वादकांची युनियनही आली. हे सगळे एरवी एकमेकांशी पैशांवरून भांडणारे. कंपनी आणि वादक यांचं हित अनेकदा थेट एकमेकांच्या विरोधात असतं. त्यांनी सरकारसमोर एका तोंडाने बोलावं, हे तोवर जमलं नव्हतं.

त्या वेळी सगळ्यांच्या डोक्यावर इंटरनेटवरच्या फुकट डाउनलोडचं संकट होतं. 2008 मध्ये ब्रिटिश म्युझिक राइट्ससाठी हर्टफर्डशायर विद्यापीठाने तरुणांची पाहणी केली. त्यांच्या प्लेअरमधली जवळपास निम्मी गाणी पैसे न देता आलेली होती. पण कायदेशीर आणि परवडणारी सोय असेल तर पैसे द्यायलाही बहुतेकांची तयारी होती. शार्कीचा कल या दुसऱ्या आकड्याकडे होता. पोरांना चोर म्हणत बसण्यापेक्षा त्यांना हवी तशी सेवा परवाना देऊन उभी करा, हा त्याचा आग्रह. त्याच वर्षी सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी रेकॉर्ड उद्योगाशी आणि सरकारशी करार करून ग्राहकांना इशाऱ्याची पत्रं पाठवायचं मान्य केलं. पुढे 2010 चा डिजिटल अर्थव्यवस्था कायदा आला. त्यात वारंवार उल्लंघन करणाऱ्याचं कनेक्शन मंदावण्याची किंवा तोडण्याची तरतूद होती. ती कधीच अमलात आली नाही. मार्ग निघाला तो स्ट्रीमिंगमुळे. लोकांना सोयीची सेवा दिली की ते तिकडे वळतात, हे खरं ठरलं. त्या सेवेतून वादकाला किती मिळतं, हा वाद मात्र अजून चालू आहे.

ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत 50 वरून 70 वर्षांवर नेण्याची मोहीमही याच काळातली. क्लिफ रिचर्डसारख्या गायकांची 1950 च्या दशकातली गाणी हक्काबाहेर जाऊ लागली होती. 2006 मध्ये सरकारने नेमलेल्या गॉवर्स समितीने मुदत वाढवू नये असा सल्ला दिला होता. तरीही 2011 च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाने वाढ मंजूर केली आणि ब्रिटनमध्ये ती 1 नोव्हेंबर 2013 पासून लागू झाली. ‘टीनेज किक्स’चं मुद्रण जुन्या नियमाने 2028 च्या अखेरीस मोकळं झालं असतं, आता ते 2048 पर्यंत संरक्षित आहे. या एका बाबतीत मी शार्कीच्या बाजूचा नाही. वाढीव वीस वर्षांचा मोठा फायदा कंपन्यांना आणि आधीच बड्या असलेल्या नावांना मिळतो. एकरकमी मानधन घेऊन वाजवणाऱ्या साध्या वादकांसाठी त्या वाढीव काळातल्या उत्पन्नाचा 20 टक्के वाटा राखून ठेवण्याची तरतूद झाली. त्या सगळ्या व्यवहारात मला ती सर्वात न्याय्य वाटते.

शार्कीने उठवलेला आणखी एक प्रश्न होता ‘फॉर्म 696’ चा. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी 2005 नंतर काही भागांत कार्यक्रम करणाऱ्यांकडून हा अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. क्लबमध्ये झालेले गोळीबार रोखायचे, असं कारण दिलं होतं. अर्जात आयोजकाचंच नव्हे, तर प्रत्येक कलाकाराचं खरं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोन नंबर मागितला जाई. संगीताचा प्रकार कोणता, असा रकाना होता आणि उदाहरणं छापली होती ती बॅशमेंट, आर अँड बी, गराज यांची. सुरुवातीच्या आवृत्तीत प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील, हेही विचारलं होतं. कृष्णवर्णीय तरुणांच्या संगीतावर नजर ठेवायचा हा प्रकार आहे, हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये शार्कीने संसदेच्या संस्कृतीविषयक समितीपुढे हा अर्ज मांडला. डेरीत लष्कराच्या तपासणीत वाढलेल्या माणसाला, संशय कुणावर आणि कशावरून घेतला जातो, हे आणखी कुणी शिकवायची गरज नव्हती. वंशाचा आणि संगीतप्रकाराचा प्रश्न नंतर अर्जातून गेला, पण अर्ज राहिला. तो पूर्ण रद्द व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला.

त्याच समितीने 2009 च्या अहवालात दोन शिफारशी केल्या. फॉर्म 696 बंद करा आणि 200 पर्यंत प्रेक्षक असलेल्या जागांना लाइव्ह संगीतासाठी परवान्यातून सूट द्या. सरकारने 200 चा आकडा नाकारला आणि वर्षाअखेर 100 चा प्रस्ताव पुढे केला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे लॉर्ड क्लेमेंट-जोन्स यांनी उमरावांच्या सभागृहात खासगी विधेयक आणलं. ते 2010 च्या निवडणुकीत बुडालं. त्यांनी ते पुन्हा आणलं. खासगी विधेयक कायदा होणं तिथेही दुर्मीळ. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी खासदारांना, मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना भेटत राहावं लागतं, आकडे पुरवावे लागतात, हरकतींना उत्तरं द्यावी लागतात. यूके म्युझिक आणि वादकांची युनियन यांनी ते काम केलं.

शार्कीने नोव्हेंबर 2011 मध्ये पद सोडलं. 8 मार्च 2012 रोजी ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’वर राजमान्यतेची मोहोर उठली आणि 1 ऑक्टोबरपासून तो लागू झाला. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत बिनमाइकचं संगीत कुठेही, कितीही श्रोत्यांपुढे, परवान्याशिवाय. माइक लावून गायचं असेल तर दारूचा परवाना असलेल्या जागी 200 पर्यंत श्रोत्यांपुढे तेच. लंडनमधल्या एखाद्या मराठी मंडळाने सभागृहात संध्याकाळची बिनमाइकची मैफल ठेवली, तर तिलाही हाच कायदा लागू. आवाजाचा खराच त्रास झाला तर कौन्सिल त्या पबची सूट काढून घेऊ शकतं. म्हणजे आधी परवानगी आणि मग गाणं हा क्रम उलटला: आधी गाणं, आणि तक्रार सिद्ध झाली तरच बंधन. एप्रिल 2015 मध्ये 200 ची मर्यादा 500 वर गेली. शार्कीला 2019 मध्ये संगीतसेवेसाठी ओबीई हा किताब मिळाला. तोवर त्याने दुसऱ्या एका खात्याचे नियम आणि परवाने वाचायला घेतले होते.